सात दिवस भरले, पण सांगायचे राहिले

वाचकाचे पत्र, थोडक्यात

ठाण्यातील एका ४२ वर्षांच्या वाचक भगिनींचे हे जानेवारी २०२२ मधील, कोविडच्या ओमायक्रॉन लाटेतील पत्र आहे; पत्रातले आणि उत्तरातले नियम तेव्हाचे आहेत. घरी पती, दहावीतला मुलगा आणि मधुमेह असलेल्या ७४ वर्षांच्या सासूबाई. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, १५ जानेवारीला त्यांचा घसा धरला आणि अंगात कणकण आली. रविवारी औषधाच्या दुकानातून आणलेल्या संचाने त्यांनी घरीच कोविडची चाचणी केली आणि पट्टीवर दोन रेघा उमटल्या, म्हणजे निकाल पॉझिटिव्ह. पती म्हणाले, "घरात केलेली टेस्ट आहे, कोणाला सांगायची गरज नाही." त्यामुळे निकाल कुठे नोंदवला नाही, सासूबाईंची चाचणी केली नाही आणि शेजारी 'व्हायरल ताप' असे सांगितले. कामाच्या मावशींना मात्र फोनवर "आम्ही गावी जातोय, आठ दिवस येऊ नका" असे कळवले. सात दिवस त्या एका खोलीत राहिल्या. २४ तारखेला पुन्हा चाचणी केली, तर दुसरी रेघ अजून आहे, अगदी पुसट. पती म्हणतात, नियमाने सात दिवस झाले, विषय संपला. इंग्लंडमधील बहीण म्हणते, आमच्याकडे पाचच दिवस. सासूबाई म्हणतात, निगेटिव्ह आल्याशिवाय स्वयंपाकघरात नको. कुणकुण लागलेले सोसायटीचे सेक्रेटरी आरटीपीसीआरचा, म्हणजे प्रयोगशाळेतल्या कोविड चाचणीचा, निगेटिव्ह रिपोर्ट मागतात. "यातला खरा नियम कोणता?" असे त्यांनी विचारले आहे. आणि ताजा कलम म्हणून लिहिले आहे: "मावशींशी खोटे बोलले, ते मनाला लागून राहिले आहे. संक्रांतीला आम्ही ओट्याशी बसून चहा घेतला होता. त्यांची सून बाळंतीण आहे. पण आता ते उकरून काढण्यात अर्थ आहे का?"

उत्तर

नमस्कार. तुमच्या पत्रातील दोन गोष्टी सदराच्या दिवसाची वाट पाहण्यासारख्या नव्हत्या, म्हणून त्या त्याच संध्याकाळी तुम्हाला कळवल्या होत्या: सासूबाईंची चाचणी उद्याच करून घ्या, आणि पुसट का होईना, रेघ दिसते आहे तोवर त्यांच्यासमोर मास्क काढू नका. बाकीचे येथे सविस्तर लिहिते आहे, कारण या महिन्यात आलेल्या इतरही पत्रांत हाच गोंधळ वेगवेगळ्या शब्दांत आहे.

तुमचे पत्र तीन पानांचे आहे. त्यातली जवळजवळ सगळी पाने दिवसांच्या हिशेबाने भरलेली आहेत आणि मावशी शेवटच्या चार ओळींत, ताज्या कलमात आल्या आहेत. मला मात्र तुमचे पत्र त्या चार ओळींपासून सुरू होते असे वाटले. तरीही आधी हिशेबाचे बोलू, कारण तो गोंधळ खरा आहे आणि तो तुम्ही निर्माण केलेला नाही.

मे २०२० मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या सूचनेनुसार सौम्य रुग्णाचे गृह विलगीकरण लक्षणे सुरू झाल्यापासून १७ दिवसांनी संपत असे, आणि त्यातील शेवटचे १० दिवस ताप नसावा अशी अट होती. जुलै २०२० मध्ये हा आकडा १० दिवसांवर आला, मात्र त्यानंतर आणखी ७ दिवस घरीच राहून प्रकृतीवर लक्ष ठेवायचे होते. एप्रिल २०२१ मध्ये, दुसऱ्या लाटेत, तो १० दिवस राहिला. आणि ५ जानेवारी २०२२ च्या सूचनेने तो चाचणी पॉझिटिव्ह आल्यापासून ७ दिवस, सलग तीन दिवस ताप नसेल तर, असा झाला. ज्या माणसाने २०२० मध्ये सतरा दिवस काढले आणि आता सात दिवसांत बाहेर येण्याची परवानगी मिळवली, त्याला "मग तेव्हाचे खोटे होते की आताचे?" असा प्रश्न पडणारच.

दोन्ही खोटे नव्हते. २०२० मध्ये या विषाणूची ओळख नवी होती, लस नव्हती, आणि चूक झालीच तर ती सावधपणाच्या बाजूने व्हावी असा तो हिशेब होता. पुढे असे दिसत गेले की सौम्य आजारात बहुतेकांकडून होणारा संसर्ग पहिल्या काही दिवसांतच होतो, लसीकरण झाले, ओमायक्रॉन या विषाणूच्या नव्या प्रकारात संसर्गापासून लक्षणांपर्यंतचा काळही आधीपेक्षा कमी झाला. याशिवाय एक कारण आहे, तेही स्पष्ट सांगायला हवे. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात एकट्या मुंबईत एका दिवसात २०,००० हून अधिक रुग्ण नोंदले गेले, आणि त्या वेगाने प्रत्येकाला दोन-अडीच आठवडे घरी बसवले तर रुग्णालयात परिचारिका उरल्या नसत्या आणि रस्त्यावर बसचालक. म्हणजे नियमाचा आकडा हा रोगाचा स्वभाव आणि समाजाचा गाडा, या दोहोंचा मेळ घालून काढलेला असतो. तो कोट्यवधी लोकांसाठी ठरवलेला सरासरीचा आकडा आहे. तुमच्या घशातला विषाणू काही ती सूचना वाचून सातव्या रात्री निघून जात नाही.

आता तुमच्या बहिणीचे पाच दिवस पाहा. इंग्लंडमध्ये १७ जानेवारी २०२२ पासून पूर्ण पाच दिवसांनी बाहेर पडता येत होते हे खरे, पण त्यासाठी पाचव्या आणि सहाव्या दिवशी अशा लागोपाठ दोन झटपट चाचण्या निगेटिव्ह याव्या लागत. नाही आल्या तर मुक्काम दहा दिवसांपर्यंत लांबत असे. तुमच्या पुसट रेघेसह तुम्ही त्यांच्या हिशेबाने आतच राहिला असता. त्यामुळे कोणत्या देशाचा आकडा लहान, हे पाहून फारसे हाती लागत नाही. आकड्याला कोणती अट जोडलेली आहे, ते पाहावे लागते.

त्या रेघेचेही सांगते. तुम्ही लिहिले आहे की ती 'पेन्सिलीने ओढून रबराने खोडल्यासारखी' दिसत होती, आणि तुम्ही पट्टी खिडकीशी नेऊन, डोळे बारीक करून तीन वेळा पाहिली. घरी करायची ही चाचणी विषाणूची प्रथिने शोधते, आणि ती पुरेशा प्रमाणात असतील तरच रेघ उमटते. म्हणून दिलेल्या वेळेत उमटलेली रेघ, पुसट असली तरी, गंभीरपणे घ्यावी. तुमच्याकडून संसर्ग होण्याची शक्यता अजून पूर्ण गेलेली नाही असे समजावे. उलट आरटीपीसीआर ही चाचणी विषाणूच्या जनुकीय अंशाची संख्या वाढवत नेऊन त्याचा माग काढते, त्यामुळे आजार संपल्यावर उरलेले निर्जीव अवशेषही ती कित्येक आठवडे दाखवू शकते. सेक्रेटरींनी मागितलेला निगेटिव्ह रिपोर्ट म्हणूनच अडचणीचा आहे. तो कदाचित फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतही येणार नाही आणि त्याने कोणाचे संरक्षणही होणार नाही. गृह विलगीकरण पूर्ण झाल्यावर पुन्हा चाचणीची गरज नाही, असे ५ जानेवारीच्या सूचनेतच लिहिलेले आहे. तिची प्रत काढून सेक्रेटरींना द्या, वाद घालू नका. सोबत सांगा की दहा दिवस पूर्ण होईपर्यंत तुम्ही लिफ्ट वापरणार नाही. त्यांना भीती वाटते आहे आणि त्या भीतीला रिपोर्टापेक्षा या आश्वासनाने अधिक उतार पडेल.

सासूबाईंच्या बाबतीत मला जास्त काळजी वाटली. निगेटिव्ह आल्याशिवाय स्वयंपाकघरात नको, ही त्यांची अट तुम्हाला जाचक वाटते, आणि तिच्यात सोवळ्याओवळ्याची जुनी छटा आहे हे तुमचे निरीक्षणही बरोबर असेल. पण जरा त्यांच्या जागी बसून पाहा. घरात कोणीच त्यांना नीट काही सांगितलेले नाही. त्यांनी सात दिवस बंद दाराबाहेरच्या स्टुलावर ताट ठेवले आणि तुम्ही ते आतल्या न्हाणीघरात घासून परत स्टुलावर ठेवताना ऐकले. एवढ्यावरून जे समजले, त्यातून त्यांनी स्वतःचा नियम तयार केला. त्यांना दोन रेघांचा अर्थ आणि पुसट रेघेचा अर्थ समोर बसून, म्हणजे मास्क लावून आणि खिडकी उघडी ठेवून, समजावून सांगा. पिढ्यान्‌पिढ्या गोवर-कांजिण्यांत माणूस वेगळे ठेवणाऱ्या घरांत त्या वाढल्या आहेत. त्यांना हे तुमच्या-माझ्यापेक्षा लवकर समजेल.

त्यांची चाचणी टाळली गेली, हे मात्र मला योग्य वाटत नाही. तुमच्या पतींचे म्हणणे असे दिसते की घरची चाचणी म्हणजे अर्धी-कच्ची चाचणी, ती मोजायची नाही. मे २०२१ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने पुण्याच्या मायलॅब कंपनीच्या घरगुती चाचणी संचाला मान्यता दिली तेव्हाच हे स्पष्ट केले होते की घरच्या चाचणीत पॉझिटिव्ह आलेली व्यक्ती पॉझिटिव्हच धरायची, फेरचाचणी लागत नाही, आणि निकाल संचासोबतच्या मोबाइल ॲपवर नोंदवायचा. शंका घ्यायची ती लक्षणे असूनही निगेटिव्ह आल्यास. तेव्हा आरटीपीसीआर करावी. याच परिषदेने १० जानेवारीला सांगितले की लक्षणे नसलेल्या सर्वच संपर्कातील लोकांच्या चाचण्या करण्याची गरज नाही, मात्र साठीच्या पुढचे आणि मधुमेह, रक्तदाबासारखे आजार असलेले यांची करावी. तुमच्या घरात या ओळीत बसणारी एकच व्यक्ती आहे, आणि तिचीच चाचणी झाली नाही.

याचे व्यावहारिक परिणाम आहेत. तुम्ही लिहिले आहे की सासूबाईंचा कोविड लसीचा दुसरा डोस एप्रिलच्या मध्यावर झाला होता. म्हणजे प्रिकॉशन डोससाठी, खबरदारीच्या तिसऱ्या डोससाठी, लागणारे ३९ आठवडे नुकतेच पूर्ण झाले आहेत आणि तो घेण्याची घाई घरात सुरू आहे. पण कोविड झाला असेल तर बरे झाल्यानंतर तीन महिने थांबून डोस घ्यावा, असे केंद्राने २१ जानेवारी २०२२ ला कळवले होते. मग त्यांना तो या आठवड्यात द्यायचा की एप्रिल-मेमध्ये, हे चाचणीशिवाय कसे ठरवणार? शिवाय मधुमेहाच्या रुग्णाने या काळात डॉक्टरांना न विचारता स्टेरॉइडच्या गोळ्या घेणे किती महागात पडते, हे २०२१ मधील म्युकरमायकोसिसच्या (काळ्या बुरशीच्या) रुग्णांनी आपल्याला दाखवले आहे. ताप अंगावर काढायचा आणि शेजारच्यांच्या उरलेल्या गोळ्या द्यायच्या, हे त्यांच्या बाबतीत अजिबात नको. त्यांची साखर रोज तपासा आणि बोटाला ऑक्सिमीटर लावून रक्तातील ऑक्सिजनची नोंद ठेवा. तासाभरात तीन वेळा ९३ किंवा त्याहून कमी आकडा आला, तीन दिवसांहून अधिक १०० अंशांवर ताप राहिला, धाप लागली, छातीत दुखू लागले किंवा बोलण्यात गोंधळ जाणवला, तर त्याच क्षणी डॉक्टरांकडे न्या. मुलाला काही लक्षण नसेल तर त्याची चाचणी लागत नाही. त्याने घरात मास्क लावावा आणि अभ्यासाचे टेबल आजीच्या पलंगापासून दूर, खिडकीशी न्यावे. १५ मार्चपासून लेखी परीक्षा आहे, अजून वेळ आहे.

आता मावशी.

तुम्ही खोटे का बोललात, ते मी समजू शकते. २०२० मध्ये आपण सर्वांनी जे पाहिले ते अंगात मुरले आहे. दारावर कागद चिकटवले जात, जिन्याला बांबू बांधले जात, दूधवाला त्या मजल्यावर यायचा थांबे. माझ्या मावशीच्या घरावर असा कागद लागला होता; तो काढल्यानंतरही त्याच्या डिंकाचा चौकोन दारावर कित्येक महिने दिसत होता आणि ती ओल्या फडक्याने तो पुसत राहायची. डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की सक्षम अधिकाऱ्याचा आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली आदेश नसेल तर असे कागद लावता येणार नाहीत. कागद गेले, पण सांगितले तर आपल्याला वाळीत टाकतील ही धास्ती राहिली. तुमच्या पतींच्या बोलण्यात मला ती धास्तीच दिसते, बेफिकिरी नव्हे.

पण एक गोष्ट विचारते. तुम्ही लिहिले आहे, "मावशी घाबरल्या असत्या म्हणून सांगितले नाही." त्या घाबरल्या असत्या की नाही, हे तुम्ही त्यांच्या वतीने ठरवलेत. त्या घाबरल्या असत्या तर पुढच्या चार दिवसांत त्यांनी काय केले असते? कदाचित दुसऱ्या घरच्या एकट्या राहणाऱ्या आजोबांकडे जाताना मास्क नाकावर घेतला असता. कदाचित नातवाला मांडीवर घेण्याचे टाळले असते, सुनेपासून वेगळ्या झोपल्या असत्या. लक्षणे दिसण्याच्या साधारण दोन दिवस आधीपासून माणूस संसर्ग पसरवू शकतो, आणि तुमच्या शनिवारच्या कणकणीआधी शुक्रवारी ओट्याशी बसून तुम्ही दोघींनी चहा घेतला. शनिवारी सकाळी त्यांनी तुमच्या खोलीत केर काढला. त्या भीतीचा त्यांना उपयोग होता. तीच माहिती तुम्ही त्यांच्यापासून लांब ठेवलीत.

दुसरे असे, की तुमचे खोटे त्यांना पटले असेल असे मला वाटत नाही. त्या तुमच्याच इमारतीत चौथ्या मजल्यावरही कामाला येतात, असे तुम्ही लिहिले आहे. म्हणजे तुमच्या गॅलरीत दोरीवर वाळणारा मुलाचा गणवेश आणि सासूबाईंचे लुगडे त्यांनी रोज सकाळी पाहिले. तुम्ही गावी गेला नाहीत, हे त्यांना पहिल्या दोन दिवसांतच कळले असणार. खरे कारण काय, ते मात्र कळलेले नाही. आणि खोटे सांगून घरी बसवले की कामावरच्या बाईच्या मनात पहिला विचार आजाराचा येत नाही. काम गेले, दुसरी कोणी ठेवली, हा येतो. २०२० च्या टाळेबंदीत "सुरू झाले की बोलावते" असे सांगून कितीतरी जणींना पुन्हा फोनच केला गेला नाही, हे त्या विसरलेल्या नसतील. तुम्ही त्यांना धास्तीपासून वाचवायला गेलात आणि आठवडाभर दुसऱ्याच धास्तीत ठेवलेत.

म्हणून उकरून काढण्यात अर्थ आहे का, या तुमच्या प्रश्नाला माझे उत्तर होय असे आहे, आणि ते आजच. संसर्गाचा विचार केला तर सांगण्याची खरी वेळ निघून गेली, हे मान्य करूनच फोन करा. शब्द सुचत नसतील तर असे म्हणा: "मावशी, आम्ही गावी गेलो नव्हतो. मला कोविड झाला होता. संक्रांतीला आणि दुसऱ्या दिवशी आपण एकत्र होतो, तेव्हा तुम्हाला त्याच वेळी सांगायला हवे होते. मी सांगितले नाही, माझे चुकले. तुमच्या घरी कोणाला ताप-खोकला आला का?" आणि मग थांबा. त्या रागावल्या तर रागावू द्या. "चौथ्या मजल्यावर सांगू नका" असे मात्र म्हणू नका. त्यांनी कोणाला सांगायचे ते त्यांचे त्या ठरवतील, आणि ज्या घरांत त्या आठवडाभर काम करत होत्या त्यांनाही ते समजण्याचा हक्क आहे. घरी कोणी आजारी असेल तर महापालिकेच्या केंद्रावर चाचणी होते, तिथे जाण्याची रिक्षा आणि त्या दिवसाच्या इतर घरच्या खाड्यांचे पैसे तुम्ही द्या. बाळाला किंवा बाळंतिणीला ताप असेल तर थेट डॉक्टरांकडे, आणि तेही तुमच्या खर्चाने.

या आठ-नऊ दिवसांचे खाडे धरू नयेत, हे वेगळे सांगायला नको होते, पण पत्रात तुमच्या पतींचे "काम केले नाही तर पगार कसला" हे वाक्य आहे, म्हणून सांगते. त्या स्वतःहून घरी राहिलेल्या नाहीत. आजार तुमच्या घरी होता आणि सुट्टी तुम्ही दिलीत. पगार पूर्ण आणि एक तारखेलाच. त्या परत येतील तेव्हा त्यांच्याकडे निगेटिव्ह रिपोर्ट मागू नका. त्यांना लक्षणे नाहीत तर १० जानेवारीच्या सूचनेप्रमाणे चाचणीची गरजच नाही, आणि सेक्रेटरींनी तुमच्याकडे जो मागितला म्हणून तुम्हाला अपमान वाटला, तो तुम्ही त्यांच्याकडे कशाला मागावा? पहिले काही दिवस त्या काम करत असताना घरातील सर्वांनी मास्क लावावा, खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि तुमच्या खोलीतील केर तुम्हीच काढावा. वापरलेले मास्क कागदी पिशवीत ७२ तास वेगळे ठेवून, कापून टाका. त्यांच्या हाताने ते उचलायची वेळ आणू नका.

हे वाचून आणखी कोणाला स्वतःच्या घरची अशीच गोष्ट आठवली असेल, तर दिवस मोजण्यापूर्वी एक कागद घ्यावा आणि लक्षणे दिसण्याच्या आधीच्या दोन दिवसांपासून आपण कोणाकोणाबरोबर बंद जागेत बसलो, ते लिहून काढावे. चहा, टपरी, रिक्षा, देवळातली आरती, मुलाची शिकवणी. ती यादी बहुधा आठ-दहा नावांची होते आणि त्यांना फोन करायला अर्धा तास पुरतो. नियमात किती दिवस ते लिहिलेले असते आणि ते दर काही महिन्यांनी बदलते. ही यादी मात्र तुमच्याशिवाय कोणालाच करता येत नाही.

शेवटी, सासूबाईंना हौसेने करायचे असलेले हळदीकुंकू. रथसप्तमी ७ फेब्रुवारी २०२२ ला आहे, तोवर तुमचे दहा दिवस कधीच उलटून गेलेले असतील, आणि सासूबाईंची चाचणी निगेटिव्ह आली, घरात कोणाला ताप-खोकला नसला, तर त्यांची हौस मोडू नका. यंदा दिवाणखान्यात वीस जणी नकोत. दुपारभर दार उघडे ठेवून दोघी-तिघी येतील असे बोलवा, किंवा सोसायटीची गच्ची मिळाली तर उत्तमच. वाणाला आणलेल्या स्टीलच्या डब्यांपैकी एक मावशींसाठी आधीच बाजूला काढा, पण तो पगाराच्या पाकिटाबरोबर देऊ नका. पगार एक तारखेला हातात द्या, आणि सात तारखेला त्यांना इतरांसारखेच बोलावून, सासूबाईंच्या हातून वाण द्या.